नकाशातली मोकळी जागा

बारगीर लेन, नजरबाद
म्हैसूर, २६ जून २००९

सौ. इंदिरा,

कुवेंपुनगर काही परमुलूख नव्हे. सिटी बसमध्ये बसलं की डुलकी लागायच्या आत येतं. तरी मी पोस्टाचं पाकीट घेऊन बसलोय, कारण फोन तू घेत नाहीस, आणि अंबुजा घेते तेव्हा एवढंच म्हणते, ‘‘बाबा, आई निजलीय.’’ भर सकाळी तू जन्मात कधी निजली होतीस?

आज आषाढातला पहिला शुक्रवार. चामुंडीच्या पायऱ्यांवर पहाटेपासून माणसांची रांग आहे. यंदा लेकीच्या घरून गेलीस का? गुडघा कसा आहे?

मी बरा आहे. गल्लीही बरी आहे. नव्या मांडणीचं काम सुरळीत चाललंय, म्हणजे तुला ऐकायचं असलं तर सांगतो. कौलं गळणारी जुनी घरं जाऊन त्याच जागी पक्की घरं होणार, आणि कशी व्हावीत ते रहिवाशांनीच सांगायचं, हे तुला ठाऊक आहेच. योजनेच्या ऑफिसनं माझा नकाशा जसाच्या तसा घेतला. तिथल्या वेदवती मॅडम म्हणाल्या, इतर गल्ल्यांतून नुसत्या रेघोट्या आल्या, तुमचा नकाशा भिंतीवर लावावासा वाटतो. आपला शेजारी सयाजीराव, गल्लीच्या कमिटीचा सेक्रेटरी, तो तर चारचौघांत म्हणाला, ‘‘मास्तर, संपिगेचं झाड असं काढलंय की वास येतो बघा, नोडी!’’

खरं सांगू, तो नकाशा मी काढला नाही, तो आतून आला. लहानपणी देवीच्या देवळात गुरुजी आम्हाला मराठी शिकवायचे. नदीच्या कविता, डोंगराच्या, गाईच्या घंटेच्या. म्हैसुरात नदी नाही, तरी डोळे मिटले की ती खळाळायची. घोड्यांचं पाण्याचं जुनं डोणं, देवळाचा कट्टा, प्रत्येक घरापुढची बसायची जगली, सगळं मी तसंच काढलं, कवितेतल्या गावासारखं. आपले पणजे घोड्यांवरून आले आणि या जगल्यांवर विसावले, ते त्यात दिसावं म्हणून.

तू का गेलीस ते मला कळलेलं नाही. नकाशा देवळात टांगला, टाळ्या झाल्या, तू बायकांतून पुढे येऊन तो पाहिलास आणि निघून गेलीस. मी हार गळ्यात घेऊन घरी आलो तर तू ऑटोत बसली होतीस. एका कागदावरून कुणी घर सोडतं का?

जेवणाची काळजी करू नकोस. सोय झालीय.

तुझा,
जगन्नाथ


५ जुलै

इंदिरा,

सोय झालीय असं लिहिलं, पण ती कुणी केली ते मला माहीत नाही.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मागच्या पायरीवर झाकलेलं भांडं येतं. रोज वेगळं. काल सारू-भात होता, सारूत हिंग आपल्याहून जास्त. आज वांगी. मी खिडकीशी लपून बसलो, तर नुसता पदराचा काठ दिसला आणि हित्तलाचं, परसातलं दार लागलं. आपल्या घरामागं इतकी ये-जा असते, हे मला या वयात कळावं!

सयाजीला विचारलं, ‘‘तुमच्याकडून येतं का हो?’’ तो म्हणाला, ‘‘आमच्याकडून? थांबा, हिला विचारतो.’’ आत जाऊन कान पाडून परत आला. ‘‘ती म्हणते, मास्तरांना जेवायचं असेल तर जेवा म्हणावं, चौकशी कशाला?’’

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. परवा वेदवती मॅडम घरं तपासायला आल्या होत्या. शेवटचं घर गोदावरीबाईंचं. महादेवराव गेल्यापासून ती एकटी, आणि कंबर मोडल्यापासून अंथरुणाला. मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, ‘‘या अज्जींना कोण बघतं?’’

आम्ही सगळे पुरुष जगलीवर उभे. सयाजी म्हणाला, ‘‘देव बघतो, मॅडम.’’

‘‘देव रोज अंथरूण बदलतो का?’’

आत गेलो. गोदावरीबाई स्वच्छ धुतलेल्या पातळात, वेणी घातलेली, उशाशी पाण्याचा तांब्या, खाली जमीन नुकती पुसलेली. आणि मागचं दार उघडं. त्या दाराची पायरी मधोमध अशी झिजलीय जशी देवळाची झिजते. पलीकडे दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून एक अरुंद पट्टा, सारवलेला, कडेला तुळशी, कुणाची तरी वाळवणं, आणि तो घरामागून घरामागून पार आपल्या हित्तलापर्यंत गेलेला. मी उंबऱ्यातच थांबलो. पुरुषानं तिकडं जायचं नाही, हे आईनं लहानपणी चापट मारून शिकवलं होतं, ते पायांना अजून आठवतं.

इंदिरा, रोज सकाळी देवपूजेच्या वेळी तू अर्धा-पाऊण तास दिसायची नाहीस. मी समजायचो, तू हित्तलात फुलं तोडतेस. तू तिथं होतीस का?

जगन्नाथ


१२ जुलै

इंदिरा,

उत्तर नाही. सरी, असू दे. मग मीच बोलतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू का गेलीस ते कळलं नाही. ते खोटं होतं. नकाशा मी आपल्याच जेवणाच्या टेबलावर काढला. तू कॉफीचा लोटा ठेवलास आणि बोट टेकवून विचारलंस, ‘‘हे घरांच्या मागं काय?’’

मी म्हणालो, ‘‘काही नाही. मोकळी जागा.’’

तू म्हणालीस, ‘‘काही नाही?’’

आणि मी कुंचला धुता धुता तुला काहीतरी कविता म्हणून दाखवली. ओढ्याकाठच्या पायवाटेची! तू लोटा उचलून गेलीस. मला वाटलं, कविता आवडली.

जिथं मी पाय ठेवत नव्हतो तिथं काही असेल असं माझ्या मनातच आलं नाही. कमिटीतल्या एकाच्याही आलं नाही. गोषा केव्हाच गेला, पोरी स्कूटरवरून कॉलेजात जातात, पण ती वाट आमच्या डोळ्यांवरच्या पडद्यासारखी तशीच राहिली. मी तिथं सुरेख अक्षरात ‘मोकळी जागा’ लिहिलं आणि खाली कन्नडातही लिहिलं, कुणाला शंका नको म्हणून.

आता ऐक. आग विझवणारी गाडी जायला रुंद रस्ता असल्याशिवाय नवी घरं पास होत नाहीत. ऑफिसनं तो रस्ता कुठं काढला असेल? जिथं रहिवाशांनी स्वतः मोकळं आहे म्हणून सांगितलं तिथं. दोन्ही बाजूंना कंपाउंड भिंती, मधे डांबर, पलीकडे वाहनं लावायची जागा. हित्तलाचं एकही दार उरत नाही.

मी दारोदार गेलो. बायकांना म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही काढा, मी नकाशा नव्यानं रंगवतो. प्रत्येक घरात एकच उत्तर : ‘‘इंदिराक्कांना विचारा.’’ सयाजीच्या बायकोनं तर दार अर्धं लावूनच म्हटलं, ‘‘मास्तर, आधी तुमच्या घरातलं विचारायचं होतं, मग गल्लीचं.’’

म्हणून विचारतो. हात जोडून विचारतो. ये.

जगन्नाथ


१९ जुलै

इंदिरा,

अंबुजा काल बँकेतून परस्पर इकडं आली. उभ्याउभ्याच बोलली. तुझा निरोप तिच्या तोडक्या मराठीत ऐकताना मला तुझा आवाज ऐकू येत होता.

मी म्हटलं, ‘‘अगं, पुढचा रस्ता काय कुणी बंद केलाय? गोदावरीबाईंना ताट पुढून न्यावं.’’

ती म्हणाली, ‘‘बाबा, आई म्हणते, पुढून नेलं की जगलीवर बसलेल्या सगळ्यांना दिसतं. कोण कुणाला देतं, कुणाकडं आज चूल नाही, कुणाची सून रडून दुसऱ्याकडं निजायला चालली. मागून गेलं की देणारीला आणि घेणारीलाच ठाऊक. अष्टे, एवढंच.’’

‘‘मग तेच ऑफिसात सांगू या ना!’’

‘‘सांगितलं की नकाशात येणार ना, अल्वा? नकाशात आलं की दिवे येणार, गटार येणार, मोटरसायकली येणार. मग ती वाट कसली? आई म्हणते, वाचवायला जावं तरी जाते, गप्प राहावं तरी जाते. मग माझ्या हातानं तरी नको.’’

जाताना दारात वळून म्हणाली, ‘‘आणि बाबा, हे ती रडत म्हणाली. ते सांगू नको म्हणाली होती.’’

मी रात्रीचं जेवण केलं नाही. केलं नाही कशाचं, आलंच नाही. शुक्रवारपासून मोजणीची माणसं मागं दोऱ्या आणि खुंट्या घेऊन शिरलीत. चार परके पुरुष दिवसभर हित्तलांतून फिरतात, विड्या ओढतात. वाळवणं आत गेली, दारांना कड्या लागल्या.

सयाजीच्या बायकोनं धीर करून गोदावरीबाईंचं ताट पुढून नेलं. पदराखाली झाकून, पण ताट ते ताट. जगलीवरून कुणीतरी भाबडेपणानं विचारलं, ‘‘काय वैनी, आज अज्जीकडं सण काय?’’ तेवढंच. आत म्हातारीनं ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हणाली, ‘‘मी महादेवरावांची बायको. माझ्या दारात भिकेचं ताट वाजतगाजत आणू नका.’’

तेव्हापासून ती पाण्याखेरीज काही घेत नाही. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आजार नाही, मन नाही.

इंदिरा, माझ्या एका कुंचल्याच्या फटकाऱ्यानं ती बाई मरेल. मला कविता आठवत नाही आजकाल. ओळ सुरू होते आणि पुढची येत नाही.

जगन्नाथ


२७ जुलै

इंदिरा,

आज योजनेच्या ऑफिसात गेलो होतो. नकाशा परत मागितला.

वेदवती मॅडमनी मला बसवलं, कॉफी मागवली. मी म्हणालो, नकाशा चुकीचा आहे. त्या म्हणाल्या, ‘‘सर, हरकत कुणाची? नकाशा तुमचाच, कमिटीची संमती तुमचीच. येत्या सोमवारी शेवटची सभा. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही.’’

‘‘मागं मोकळी जागा नाही.’’

‘‘मग काय आहे?’’

काय सांगू? तू नको म्हणालीस ते कसं सांगू? मी म्हणालो, ‘‘आहे काहीतरी. मी पाहिलेलं नाही.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुम्ही तिथं किती वर्षं राहता?’’

‘‘जन्मल्यापासून.’’

बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ‘‘मला कुणी दाखवलं तर मी विचार करीन. पण दाखवायला कुणीतरी हवं. मी असं कुणाच्या मागच्या दारानं शिरू शकत नाही.’’

तिथून उठलो आणि देवराज मार्केटापर्यंत पायी गेलो, का ते ठाऊक नाही. तिथं बायका केवड्याला, बांगड्यांना, हळदीकुंकवाच्या पुड्यांना गर्दी करून होत्या. फुलवालीला विचारलं तर म्हणाली, ‘‘स्वामी, शुक्रवारी वरमहालक्ष्मी, तुमच्या घरी बाईमाणूस नाही का?’’ मी तसाच वळलो.

इंदिरा, दरवर्षी त्या शुक्रवारी तुम्ही बायका संध्याकाळी कुंकवाला जाता. पुढून जाताना मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. म्हणजे मागूनच जाता. सवाष्णीला बोलावणं करायला ओळख लागत नाही, तुमच्यातच म्हणतात. वेदवती मॅडम नवरा-लेकरांच्या आहेत, टेबलावर फोटो आहे. त्यांना ऑफिसातली बाई म्हणून नको, कुंकवाला बोलवा. घरामागून घरी न्या, जशी कुठलीही पाहुणी न्याल. बोलू नका, समजावू नका. त्या चालतील. मग त्यांना जे दिसेल ते त्यांचं.

मी हे बोलावणं करू शकत नाही. पुरुषानं कुंकवाचं बोलावणं केल्याचं ऐकलंयस कधी? बाकीच्या तुझ्यावाचून करणार नाहीत. सयाजीची बायको म्हणाली, ‘‘अक्का नसताना पहिलं दार कोण उघडणार? पहिलं दार तुमचं.’’

पहिलं दार आपलं आहे, हेही मला आज कळलं.

गोदावरीबाई आता बोलत नाही. तू माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्यावरचा राग तिथंच अंबुजाच्या घरी ठेवून ये, परत गेल्यावर घे. पण शुक्रवारी ये.

जगन्नाथ


३१ जुलै, शुक्रवार, दिवेलागणीनंतर

इंदिरा,

हे पोस्टात टाकत नाही. तू भिंतीपलीकडं आहेस.

दुपारपासून मी जगलीवर बसून होतो. चार वाजून गेले, पाच वाजून गेले, पुढच्या रस्त्यानं ना तू आलीस ना दुसरी कुणी. मला वाटलं, संपलं. मग आतून, आपल्या स्वयंपाकघरामागून, बांगड्या वाजल्या आणि तुझा आवाज आला, ‘‘जपून हं, इथला दगड सुटलाय.’’ कन्नडमध्ये म्हणालीस. म्हणजे पाहुण्या मॅडमच. मी खांबाला धरून उभा राहिलो. तसाच आत येणार होतो. नाही आलो. ते दार तुझं.

तू कुठून आलीस, कशी आलीस, मला दिसलंच नाही. मोजणीची माणसं सणाची सुट्टी घेऊन गेली होती, एवढं देवीनं केलं.

अंधार पडता पडता वेदवती मॅडम गोदावरीबाईंच्या पुढच्या दारानं बाहेर आल्या. कपाळभर कुंकू, गालांना हळद, हातात नारळाची पिशवी. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी आधी मला विचारलं, ‘‘सर, शेवटच्या घरातल्या अज्जी तुमच्या कोण लागतात?’’

मी जगली उतरून पुढं झालो. ‘‘का?’’

‘‘तुमच्या बाईंनी माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाल्या, भरव. मी भरवलं.’’

‘‘खाल्लं?’’

‘‘दोन घास खाल्ले. मग मला नाव विचारलं. माहेर विचारलं. पिरियापट्टण म्हटल्यावर म्हणाल्या, तिकडच्या पोरी वाळक्याच.’’

सयाजीसकट सगळे हसले. मी हसता हसता खाली बसलो.

पण मॅडम बसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मी ती नकाशात वाट म्हणून दाखवणार नाही. प्रत्येक घराचं हित्तल त्याच्या त्याच्या भिंतीपर्यंत, एवढंच दाखवीन. घराची खासगी जागा. तिथं दिवा नाही, गटार नाही, रस्ता नाही. पण आगीची गाडी कुठून तरी गेलीच पाहिजे. मागून नाही तर पुढून. जगल्या जातील. सगळ्यांच्या. आणि एका जरी घरानं नाही म्हटलं तर रस्ता वाकडा होतो, मग पुन्हा मागचाच. सोमवारी सकाळी मला सगळ्यांचा होकार हवा.’’

त्या गेल्या आणि भडका उडाला. सयाजी म्हणाला, ‘‘जगली गेली तर बसायचं कुठं, मास्तर? माझ्या पणज्यानं घोड्यावरून उतरून पहिला पाय ठेवला तो या जगलीवर!’’

मी म्हणालो, ‘‘आपल्या बायकांचे पाय रोज कुठं पडतात ते आपण विचारलं नाही.’’

‘‘ते ठीक. पण पुरुषमाणसानं काय स्वयंपाकघरात बसायचं?’’

आतून त्याची बायको म्हणाली, ‘‘बसा की. भांडी पडलीत.’’

कुणी हसलं, कुणी उठून गेलं. मी माझ्या जगलीचा होकार तिथल्या तिथं दिला. म्हणालो, कविता काय, कुठंही बसून म्हणता येते. खोटं बोललो. मला त्या खांबाशी टेकल्यावरच आठवतात. गुरुजी आमच्या घरी यायचे ते तिथंच बसायचे, पाय खाली सोडून, आणि मी खालच्या पायरीवर. ते सगळं डांबराखाली जाईल. जाऊ दे. तुझ्यापाशी रडून दाखवत नाही, फक्त सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तिघांनी माझ्यामागोमाग हो म्हटलं. दामोदरराव विचार करतो म्हणाले. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. सयाजी ‘हो’ म्हणाला तर बाकीचे वळतील, तो ‘नाही’ म्हणाला तर सोमवारी गाडी मागून जाईल आणि गोदावरीबाई पुन्हा भिंतीकडं तोंड करील. मला त्याला पटवता येत नाही. मी बोलू लागलो की तो म्हणतो, मास्तर, कविता पुरे.

आत कढई उतरल्याचा आवाज आला. तुझा पदर दाराच्या फटीतून दिसतोय, भांडं ठेवून जाणारा तोच काठ की दुसरा, मला नीट ओळखता येत नाही. तू परत कुवेंपुनगरला जाणार की नाही, हे मी विचारत नाही. मला या मधल्या दारावर टकटक करायचा धीर नाही, म्हणून हा कागद खालून सरकवतो.

मी आता उठतोय. पुढच्या रस्त्यानं सयाजीच्या घरी जातो आणि त्यानं हाकलेपर्यंत त्याच्या समोर बसतो. त्याची बायको मागचं दार तुला उघडेल. तू तिकडून आलीस तर त्याच्या घराच्या मधोमध कुठंतरी आपण समोरासमोर येऊ, आणि मग बोलणं तू कर.

जगन्नाथ